भुयारी स्थानकाचं खोदकाम: माती निघाल्यापासून स्ट्रट ताणेपर्यंत

भुयारी स्थानकाचा खड्डा साधारण २०० मीटर लांब, २० ते २५ मीटर रुंद आणि १८ ते २५ मीटर खोल असतो. दोन्ही बाजूंना इमारती, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी, चालू रस्ता. असा खड्डा सुरक्षित करायचा म्हटलं की पहिला विचार कडेची काँक्रीटची भिंत जाड करण्याचा येतो: ८०० मिमीऐवजी १००० मिमी, १००० ऐवजी १२००. जाड भिंतीचा उपयोग होतो, पण एका मर्यादेपर्यंतच. शेजारची जमीन किती खचणार हे आमच्या अनुभवात दुसऱ्याच गोष्टीवर ठरतं. एका थरातली माती निघाल्यापासून त्या थराचा स्ट्रट, म्हणजे दोन भिंतींमध्ये आडवा टेकवलेला स्टीलचा आधार, जॅकने ताणून पक्का होईपर्यंत किती तास जातात, आणि तेवढ्या वेळात भिंतीचा किती भाग उघडा राहतो, हे पाहावं लागतं. खोदकामाच्या पद्धतीत आम्ही केलेले जवळपास सगळे बदल हे तास कमी करण्यासाठी आहेत.

कारण असं आहे की भिंत फक्त उघड्या भागात वाकत नाही. खोदाईच्या तळाखालीही ती आत सरकते. तिला समोरून धरणाऱ्या मातीवरचं वजन आपण काढून टाकलेलं असतं, आणि मऊ चिकणमाती असेल तर ती माती सहज दबते. सगळ्यात मोठा फुगवटा खोदाईच्या चालू तळाच्या आसपास येतो, म्हणजे नेमका जिथे अजून स्ट्रट बसलेला नाही तिथे. नंतर स्ट्रट कितीही ताणला तरी झालेली हालचाल फारशी परत जात नाही. प्रत्येक थरात काही मिलिमीटर जमा होतात. पाच-सहा थरांनंतर त्यांची बेरीज भिंतीमागे, खड्ड्याच्या खोलीच्या दुप्पट-तिप्पट रुंदीच्या पट्ट्यात जमीन खचण्याच्या रूपाने वर दिसते. २० मीटर खोलीत भिंतीची कमाल हालचाल खोलीच्या ०.२ टक्के, म्हणजे ४० मिमीच्या आत राहिली तर काम चांगलं झालं असं आम्ही मानतो. ती ०.५ टक्क्यांवर, म्हणजे १०० मिमीवर गेली की शेजारच्या जुन्या विटांच्या इमारतींची चिंता सुरू होते.

सुरुवात भिंतीपासूनच करावी लागते, कारण भिंतीतला दोष पुढे खोदताना सापडतो आणि तेव्हा तो दुरुस्त करायला सगळ्यात वाईट वेळ असते. डी-वॉल (डायफ्रॅम वॉल), म्हणजे खंदक खोदून त्यात ओतलेली ही भिंत, पॅनेल नावाच्या तुकड्यांत होते; एक पॅनेल ५ ते ६ मीटर लांब घेतो. गाइड वॉल, म्हणजे खंदक खोदणाऱ्या ग्रॅबच्या जबड्याला दिशा देणाऱ्या वरच्या दोन आखूड भिंती, सव्वा ते दीड मीटर खोल, आतलं अंतर भिंतीच्या जाडीपेक्षा ४० ते ५० मिमी जास्त. उभेपणाची मान्य चूक सहसा २०० ला १ असते. ऐकायला हे कडक वाटतं, पण ३० मीटर खोलीवर तेच १५० मिमी होतात. शेजारची दोन पॅनेलं विरुद्ध दिशांना तेवढी कलली तर ८०० मिमीच्या भिंतीत खाली सांध्यापाशी एकमेकांसमोर फक्त ५०० मिमी उरतात, आणि सांध्यातून पाणी अडवणारी वॉटर स्टॉपची पट्टी तर केव्हाच सुटलेली असते. म्हणून प्रत्येक पॅनेल पूर्ण खोल झाल्यावरच नव्हे, अर्ध्या खोलीवरही अल्ट्रासॉनिक यंत्राने तपासतो. अर्ध्यावर कळलेला कल ग्रॅब फिरवून सुधारता येतो. तळाशी कळलेला फक्त नोंदवता येतो.

बेंटोनाइट, म्हणजे खोदताना खंदकाच्या बाजू धरून ठेवणारी चिकणमातीची स्लरी, तिच्या बाबतीत साइटवर घाई होते ती काँक्रीटच्या आधी. ताजी स्लरी १.०३ ते १.०५ घनतेची, मार्श कोन नावाच्या मोजमापाच्या नरसाळ्यातून ३२ ते ४० सेकंदांत उतरणारी असते. खोदाईत तिच्यात वाळू मिसळते. सळयांचा पिंजरा सोडण्याआधी नमुना तळापासून अर्ध्या मीटरवरून घ्यायचा, वरून नाही. त्यात वाळू ४ टक्क्यांच्या आत आणि घनता १.१५ च्या आत हवी. नसेल तर वाळू गाळणारा डीसँडर चालू ठेवायचा, मग ट्रान्झिट मिक्सर रांगेत उभे असले तरी. न काढलेली वाळू काँक्रीट चढताना त्याच्या माथ्यावर गोळा होते, सळयांच्या मागे आणि सांध्यात ढकलली जाते, आणि वर्षभराने तिथूनच पाणी येतं. स्लरीची पातळी भूजलाच्या वर किमान दीड मीटर ठेवायची. जोराच्या पावसात भूजल वर येतं तेव्हा हे अंतर नकळत कमी होतं आणि खंदकाची बाजू ढासळते.

काँक्रीट ओतताना एक साधी नोंद आम्ही सोडत नाही. १००० मिमी जाड आणि ६ मीटर लांब पॅनेलचं क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. म्हणजे ६ घनमीटरच्या एका मिक्सरने पातळी बरोबर १ मीटर चढायला हवी. प्रत्येक गाडीनंतर वजन लावलेली टेप तीन ठिकाणी सोडून पातळी मोजायची: दोन्ही ट्रेमींपाशी (तळापर्यंत काँक्रीट नेणारे पाइप) आणि मध्ये. पातळी ८० सेंटिमीटरच चढली तर बाजूची माती आधीच पडून पोकळी झालेली आहे. काँक्रीट जास्त लागेल आणि खोदताना भिंतीला पोट दिसेल, जे फोडावं लागेल. १.२ मीटर चढली तर जास्त काळजी, कारण काँक्रीटची जागा कशाने तरी व्यापली आहे, बहुधा पडलेल्या मातीने. त्या खोलीची नोंद खोदणाऱ्या टीमकडे जायलाच हवी. ट्रेमीचं तोंड काँक्रीटमध्ये किमान २ ते ३ मीटर बुडालेलं राहिलं पाहिजे. पाइप कापण्याआधी टेपचा आकडा पाहायचा, अंदाजाने कापायचा नाही. जर्मनीतल्या कोलोन शहरात ३ मार्च २००९ रोजी मेट्रोच्या खड्ड्याशेजारचं शहर अभिलेखागार कोसळलं आणि दोघांचा जीव गेला. तपासात डी-वॉलच्या एका पॅनेलमध्ये मोठ्या दगडाच्या अडथळ्यामुळे राहून गेलेली, काँक्रीटऐवजी मातीने भरलेली जागा समोर आली. अडथळा लागला की ग्रॅबवाल्याने थांबून सांगायचं आणि तो काढल्याशिवाय पॅनेल पुढे न्यायचं नाही, हा नियम म्हणून आम्ही तडजोडीचा विषय होऊ देत नाही.

भिंत झाली की पाणी. खड्ड्याच्या आतलं भूजल चालू तळाच्या खाली किमान १ मीटर ठेवून खोदायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती तळाखालच्या दाबाच्या पाण्यात. समजा शेवटच्या तळाखाली ८ मीटर चिकणमाती आहे आणि तिच्याखाली वाळूचा थर, ज्यातल्या पाण्याची पातळी त्या थराच्या माथ्यापासून १८ मीटर वर आहे. वाळूतलं पाणी चिकणमातीला खालून सुमारे १८० किलोपास्कलने ढकलतं. चिकणमातीचं वजन ८ गुणिले १८, म्हणजे १४४. तळ फुटणारच. हा दाब १३० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे १३ मीटरपर्यंत उतरवला तर जेमतेम १.१ चा सुरक्षा गुणक मिळतो. हे काम उथळ पंपांचं नाही. त्या वाळूपर्यंत जाणाऱ्या खोल विहिरी आणि त्याच थरात बसवलेले, पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर लागतात. वरवर खड्डा कोरडा ठणठणीत दिसत असतो, म्हणून या विहिरींवरचं लक्ष उडतं. पंपांना दुसरा वीजपुरवठा आणि आपोआप सुरू होणारा जनरेटर हवा, आणि महिन्यातून एकदा मुख्य वीज मुद्दाम बंद करून तो खरंच सुरू होतो का हे बघायला हवं. भिंत पाणी अडवणाऱ्या थरात नीट रुतलेली नसेल तर आतला उपसा बाहेरचं भूजलही खाली ओढतो, आणि इमारतीखालची चिकणमाती आटून खचते. त्यासाठी बाहेरचे पिझोमीटर खोदाईच्या आधीच, नुसत्या पंपिंग चाचणीच्या वेळी वाचायचे.

आता खोदाई. जुनी रीत अशी की पूर्ण लांबीत एक थर काढायचा आणि मागून स्ट्रटची टोळी येईल. तिच्यात पोकलेन कधी रिकामा राहत नाही, पण भिंत उघडी पडून राहते. आम्ही ६ मीटरच्या पट्ट्यांवर आलो आणि पट्टीचा आकार डंपरांवरून ठरवला. हिशेब असा: ६ मीटर लांब, २२ मीटर रुंद, ३ मीटर खोल म्हणजे ३९६ घनमीटर घट्ट माती. सुटी झाल्यावर ती सुमारे ३० टक्के फुगते, म्हणजे ५१५ घनमीटर. १४ घनमीटरच्या डंपरने ३७ फेऱ्या. डंपर फक्त रात्री आठ तास चालत असतील आणि एक भरायला दहा मिनिटं लागत असतील तर ४८ फेऱ्या जास्तीत जास्त होतात. म्हणजे एका रात्रीत एक पट्टी मोकळी होते, सकाळी स्ट्रट उतरतात आणि दुपारपर्यंत ताणले जातात. पट्टी १२ मीटरची धरली तर ती दोन रात्रींत निघते, आणि पहिल्या रात्री उघडा पडलेला भाग दुसऱ्या रात्रीची वाट पाहत तसाच राहतो. यंत्रं, माणसं, स्टील काहीही न वाढवता फक्त पट्टी छोटी केल्याने हा फरक पडतो. डंपर कमी पडले म्हणून माती खड्ड्याच्या काठावर टाकायची पद्धत मात्र बंदच करायला हवी. डिझाइनमध्ये काठावर सहसा २० किलोपास्कल भार धरलेला असतो; सव्वा मीटर उंचीच्या ढिगाऱ्यात तो संपतो, आणि त्यावर परत क्रेन उभी असते.

पट्टीच्या आतही क्रम असतो. आधी मधला भाग काढायचा, दोन्ही भिंतींपाशी ४ ते ५ मीटर रुंदीची माती ठेवायची. ही माती भिंतीला धरून असते. शेवटी ती दोन्ही बाजूंनी सारखीच आणि लगोलग कापायची आणि स्ट्रट सोडायचा. खोदाई स्ट्रटच्या मध्यरेषेखाली अर्ध्या मीटरपेक्षा जास्त जाऊ द्यायची नाही. यंत्राला हात फिरवायला जागा हवी म्हणून एक मीटर, दीड मीटर खाली जाण्याचा मोह रोजचा आहे. पण ३ मीटरच्या थरात एक मीटर जास्त खोदणं म्हणजे आधाराविना उंची एक तृतीयांशाने वाढवणं, आणि वाकणं उंचीच्या प्रमाणात नव्हे, त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतं. भिंतीवर दर पट्टीत पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली की पोकलेनवाल्यालाही लेव्हलवाल्याची वाट पाहावी लागत नाही. लांबीच्या दिशेचा उतार मऊ मातीत ३ ला १ (आडवे ३, उभा १) पेक्षा उभा नको. तो घसरला तर खालचे स्ट्रट आणि त्यांना मध्ये टेकू देणारे किंगपोस्ट आडवे करत जातो.

स्ट्रट बसवण्याचा वेळ कसा वाचवायचा? सगळ्यात मोठा वेळ खात होता वेलर, म्हणजे भिंतीलगतची आडवी तुळई, जिच्यावर स्ट्रट टेकतात. दुहेरी एच सेक्शनचे लांब वेलर खाली नेऊन, ब्रॅकेटवर ठेवून, जोडून, भिंतीशी भरून मग स्ट्रट, यात पूर्ण शिफ्ट जाते. जिथे शक्य होतं तिथे डी-वॉलच्या पिंजऱ्यातच जाड स्टीलच्या प्लेटा बसवून घेतल्या आणि प्रत्येक पॅनेलला दोन स्ट्रट थेट टेकवले. त्या प्लेटांवरचं काँक्रीट खरवडून ब्रॅकेट वेल्ड केला की स्ट्रट उतरायला तयार. ६०९ मिमी व्यासाचे, १६ मिमी जाडीचे पाइप वर दोन तुकड्यांत जोडून ठेवायचे, लांबी भिंतीच्या प्रत्यक्ष अंतरावरून आदल्या दिवशी घ्यायची. या पद्धतीची किंमतही आहे: वेलर नसला की एक स्ट्रट निकामी झाल्यावर भार शेजारच्यांकडे वाटायला मध्ये काही नसतं. म्हणून ‘एक स्ट्रट गेला’ ही अवस्था डिझाइनमध्ये वेगळी तपासून घ्यायची, आणि पिंजरा सोडताना त्याची लेव्हल २०-२५ मिमीच्या आत हवी, नाहीतर प्लेट भलत्याच उंचीला सापडते.

जिथे वेलर ठेवावाच लागतो तिथे भिंत आणि वेलर यांच्यातल्या फटीकडे बघा. डी-वॉलचा पृष्ठभाग खडबडीत असतो, फट कुठे २० मिमी, कुठे १०० मिमी. ती लाकडाच्या पाचरांनी भरलेली असेल तर जॅकच्या दाबाने लाकूड दबतं आणि गेजवर दिसलेला भार प्रत्यक्षात भिंतीपर्यंत जातच नाही. फट पूर्ण लांबीत न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) किंवा बारीक खडीच्या काँक्रीटने भरायची. ग्राउटला ताकद यायला काही तास लागतात. म्हणून लवकर घट्ट होणारा वापरायचा आणि ते तास वेळापत्रकात धरायचे.

स्ट्रट ताणण्याची क्रिया अशी. डिझाइन भार २०० टन असेल तर ५० ते ७० टक्के, समजा १२० टन प्रीलोड, म्हणजे जॅकने आधीच दिलेला भार. दोन जॅक, स्ट्रटच्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, एकाच पंपाला जोडलेले. भार चार टप्प्यांत: ३०, ६०, ९०, १२०. प्रत्येक टप्प्यावर थांबून वेल्ड, स्टिफनर (ताठपणासाठी जोडलेल्या प्लेटा) आणि वेलरचा वेब (मधली पट्टी) बघायचा. शेवटच्या टप्प्यावर १० ते १५ मिनिटं भार धरून ठेवायचा. सांधे, प्लेटा, ग्राउट दबतात आणि गेज उतरतो, तेव्हा परत भरायचा. मग साधारण १० टक्के जास्त, १३२ टनांपर्यंत नेऊन स्टीलच्या पाचरा दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोकायच्या आणि जॅक सोडायचे. हा जादा भार पाचरांमध्ये हरवतो हे स्ट्रटमधला भार मोजणाऱ्या लोड सेलवर स्पष्ट दिसतं. जॅक सोडल्यावर लोड सेलचा आकडा १२० च्या आसपास नसेल तर काम झालेलं नाही. आणखी एक: खालचा स्ट्रट ताणला की भिंत थोडी मागे जाते आणि वरच्या स्ट्रटचा भार घटतो. कधी इतका की पाचरा सैल होतात. म्हणून प्रत्येक नवीन थर ताणल्यावर वरच्या थरातल्या पाचरा हातोड्याने वाजवून बघायच्या, आणि तेही पहाटे, गारव्यात, जेव्हा स्टील सगळ्यात जास्त आकसलेलं असतं.

तापमानाचा परिणाम बरेच जण किरकोळ समजतात. वरच्या ६०९ मिमीच्या पाइपचं स्टीलचं क्षेत्रफळ सुमारे २९,८०० चौरस मिमी. दोन्ही टोकं पूर्ण घट्ट धरली तर एका अंशामागे सुमारे ७३ किलोन्यूटन, म्हणजे साडेसात टन भार वाढतो. प्रत्यक्षात माती थोडी दबते, तेव्हा निम्मा धरा. पहाट आणि दुपार यांच्यात उघड्यावरच्या पाइपच्या तापमानात २० अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे ७० टनांहून जास्त. पहिल्या थराच्या स्ट्रटवर त्याचा परिणाम सगळ्यात मोठा, कारण ऊन तिथेच पडतं. पाइपांना पांढरा रंग देणं हा सर्वांत स्वस्त उपाय. आणि लोड सेलच्या प्रत्येक वाचनाशेजारी वेळ व पाइपचं तापमान लिहिल्याशिवाय तो आकडा वापरायचा नाही. दुपारी वाढलेला भार माती ढकलतेय म्हणून आहे की ऊन पडलंय म्हणून, हे त्याशिवाय कळत नाही.

सांध्यांचा तपशील डोळ्यांत तेल घालून का बघायचा याचं उदाहरण सिंगापूरचं आहे. २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेलगतचा मेट्रोचा सुमारे ३० मीटर खोल खड्डा कोसळला, चार माणसं गेली. नवव्या थरातल्या स्ट्रट आणि वेलरच्या सांध्यात प्लेटच्या स्टिफनरऐवजी सी-चॅनेल लावलेले होते. ते भार घेताना हळूहळू दबत नाहीत, एका मर्यादेनंतर एकदम लुळे पडतात. शिवाय मऊ समुद्री चिकणमातीची ताकद हिशेबात जास्त धरलेली होती, त्यामुळे भिंतीची हालचाल सुरुवातीपासून अंदाजापेक्षा मोठी येत होती. ती मोठी येते म्हणून मर्यादेचे आकडेच वाढवत नेले गेले. १९६९ च्या रँकिन व्याख्यानात भूतंत्र अभियंते राल्फ पेक यांनी निरीक्षण पद्धत मांडली, तिचा गाभाच असा की मोजमाप वाईट आलं तर काय करायचं हे आधी ठरलेलं असायला हवं, आणि ते करायला वेळ उरलेला हवा. मर्यादा नंतर बदलणं ही निरीक्षण पद्धत नव्हे.

मोजमापाबद्दल दोन गोष्टी. इन्क्लिनोमीटरची, म्हणजे भिंतीचं वाकणं मोजणाऱ्या यंत्राची, नळी भिंतीच्या टाचेपाशीच (सगळ्यात खालच्या टोकापाशी) संपली तर टाच सरकली की सगळी नळीच सरकते आणि वाचनात काही दिसत नाही. ती टाचेखाली ३ ते ५ मीटर कठीण थरात न्यायची, नाहीतर नळीचा माथा दरवेळी सर्व्हेने तपासायचा. दुसरं, फक्त एकूण आकड्यावर इशारा ठेवू नका, वेगावरही ठेवा. सूचना, कारवाई आणि थांबा अशा तीन पातळ्या बहुतेक ठिकाणी असतात, साधारण मर्यादेच्या ७०, ८५ आणि १०० टक्क्यांवर. पण एकूण हालचाल ५० टक्क्यांवर असतानाही, खोदाई थांबलेली असून भिंत रोज दोन-तीन मिमी आत येत असेल तर ते जास्त गंभीर आहे. मऊ चिकणमाती नुसत्या वाट पाहण्यानेही सरकते, आणि म्हणूनच सुट्टीच्या आधी नवीन पट्टी उघडायची नाही.

सांध्यातली गळती हा स्वतंत्र विषय आहे. स्वच्छ पाणी झिरपतंय तर घाई नाही. नळी बसवून पाणी एका जागी आणा, मग पॉलियुरेथेन इंजेक्शन द्या. पाणी गढूळ असेल, बादलीत धरून पाच मिनिटांत तळाशी वाळू बसत असेल तर मात्र भिंतीमागे पोकळी तयार होते आहे. अशा वेळी सगळ्यात चुकीची गोष्ट म्हणजे भोक कापडाने आणि सिमेंटने कोंबून बंद करणं. दाब वाढतो आणि पाणी शेजारून मोठं तोंड करून बाहेर येतं. बरोबर क्रम असा: वाळू अडवून पाणी जाऊ देणारा अडथळा, म्हणजे जिओटेक्स्टाइल, त्यावर खडी, त्यावर पोती, मध्ये व्हॉल्व्ह लावलेला पाइप. वाळू थांबली की पाइपभोवती लवकर घट्ट होणारं सिमेंट, बाहेरून सांध्यामागे ग्राउट, आणि शेवटी व्हॉल्व्ह हळूहळू बंद. हे सामान खोदाईच्या तळापासून दहा मिनिटांच्या आत पोचेल असं ठेवायचं. आवाक्याबाहेर गेलं तर ती पट्टी मातीने परत भरायची. यात कमीपणा नाही. बाहेर जमिनीवर पाणी साचलेलं दिसत नाही म्हणून पोकळी नाही असं समजू नका. रस्त्याचं डांबर बराच काळ पोकळीवर तरंगत राहतं.

तळ फारच मऊ असेल तर खोदाईच्या आधीच शेवटच्या तळाखाली २ ते ३ मीटर जाडीचा जेट ग्राउटचा (जोराच्या दाबाने मातीत सिमेंट मिसळून केलेला) थर करता येतो. तो जमिनीत पुरलेल्या स्ट्रटसारखा भिंत आधीपासून धरतो, म्हणजे माती निघणं आणि आधार मिळणं यांच्यातले तास तिथे शून्यावर येतात. पण १.२ मीटर व्यासाचे खांब १ मीटर अंतरावर घेतले तर एकमेकांत २०० मिमीच शिरतात. भोक एक टक्का कललं तर २० मीटरवर तेच २०० मिमी होतात; शेजारची दोन भोकं विरुद्ध कलली तर मध्ये २०० मिमीची फट राहते. म्हणून प्रत्येक भोकाचा कल मोजायचा आणि तपासणीचा कोअर (कापून काढलेला नमुना) खांबाच्या मधोमध नव्हे, दोन-तीन खांबांच्या सांध्यावर काढायचा. वर येणारा गाळ अडला तर खालचा दाब भिंतीलाच बाहेर ढकलतो, त्यामुळे इन्क्लिनोमीटर या कामातही चालू हवा.

टॉप-डाउन पद्धत, म्हणजे आधी छत आणि मग खाली खोदाई, १९६४ मध्ये सुरू झालेल्या मिलान मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेमुळे मिलान पद्धत म्हणूनही ओळखली जाते. स्लॅब हा स्ट्रटपेक्षा कितीतरी ताठ आधार असतो आणि रस्ता लवकर मोकळा होतो. पण स्लॅबला प्रीलोड नसतो, काँक्रीट आकसतं तेवढी भिंत आत येतेच, आणि स्लॅबच्या शटरिंगसाठी जास्त खोल खोदलं तर सगळा फायदा गेला. स्लॅब थेट नीट सपाट केलेल्या मातीवर पातळ पीसीसी (सळयांशिवायचं काँक्रीट) टाकून त्यावर ओतला तर ही खोली वाचते. माती काढायची तोंडं मात्र आधी पुरेशी ठेवा. दोन तोंडांवर चालणारं स्थानक खाली उघड्या भिंतीसमोर तासन्‌तास वाट बघत बसतं.

शेवटचा थर सगळ्यात खोल आणि सगळ्यात नाजूक. शेवटचे ३०० मिमी छोट्या यंत्राने, दात नसलेल्या बकेटने काढायचे, म्हणजे तळाची माती उसवत नाही. तळ उघडा पडला त्याच शिफ्टमध्ये १०० ते १५० मिमी पीसीसी. आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत, मध्येच सोडून नाही, कारण हा पातळ थरही स्ट्रटचं काम करतो. राफ्ट, म्हणजे तळाचा जाड स्लॅब, १५ ते २० मीटरच्या तुकड्यांत, मागोमाग. सळयांचं काम लांबतंय म्हणून पीसीसी झालेली लांबी ४० मीटरवर जाऊ दिली की इन्क्लिनोमीटरच्या आलेखात तळाशी फुगवटा वाढलेला दिसतो.

राफ्टने ठरवलेली ताकद घेतली, भिंतीशी तो घट्ट टेकला, की सगळ्यात खालचा स्ट्रट काढायचा. जॅक परत लावून, भार जॅकवर घेऊन, पाचरा सैल करून, मग टप्प्याटप्प्याने दाब सोडायचा. भाराखालचा पाइप गॅसने कापायचा नाही. साठलेला भार एका झटक्यात सुटतो. एका वेळी एक, आणि प्रत्येकानंतर वरच्या थराचे लोड सेल वाचून, कारण सुटलेला भार तिकडेच जातो. पंप मात्र एवढ्यात बंद करायचे नाहीत. भूजल तळाच्या १८ मीटर वर असेल तर राफ्टला खालून १८० किलोपास्कल ढकलतात, आणि १.२ मीटरचा राफ्ट, अर्ध्या मीटरचा मधला स्लॅब आणि १ मीटरचं छत मिळून जेमतेम ६७ किलोपास्कल देतात. बाकीचा भार भिंतींचं वजन, मातीचं घर्षण, असतील तर ताण घेणारे पाइल आणि छतावरचा भराव यांनी पेलायचा असतो. हा हिशेब ज्या टप्प्यावर पुरा होतो तोपर्यंत विहिरी चालू राहतात. मग एकेक विहीर बंद करायची, पिझोमीटर स्थिर झाल्यावर पुढची, आणि राफ्टमधून वर आलेल्या प्रत्येक विहिरीच्या केसिंगला काँक्रीटमध्ये गाडलेली फ्लँज (पाणी अडवणारं कडं) आहे ना हे राफ्ट ओतण्याआधीच तपासलेलं हवं, कारण नंतर कायमची गळती त्याच कड्याभोवती सुरू होते.